इंटरट्रॅपियन थरांचं वय ऑस्ट्रॅकॉडवरून काढताना: खाणीतल्या नमुन्यापासून रेंज चार्टपर्यंत

दख्खनच्या दोन लाव्हाप्रवाहांमध्ये तळ्याचा गाळ (म्हणजेच इंटरट्रॅपियन थर) सापडला, तो धुतला, त्यात झोनोसायप्रिस आणि फ्रॅम्बोसायथेर हे ऑस्ट्रॅकॉडचे वंश मिळाले, म्हणून थर मास्ट्रिक्टियन, म्हणजे क्रेटेशियसच्या अगदी शेवटच्या काळातला. एम.एस्सी.च्या प्रबंधांत असा निष्कर्ष वारंवार दिसतो. जातीची ओळख बरोबर असली तरी तो टिकत नाही, कारण नाव आणि वय यांच्यामधल्या तीन-चार पायऱ्या गाळलेल्या असतात. त्या पायऱ्या कोणत्या, कोणत्या क्रमानं घ्यायच्या आणि कुठे पाय घसरतो, ते इथे दिलं आहे. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, छिंदवाडा या पट्ट्यात काम करणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर आहेत. पहिल्या पाच टप्प्यांची पद्धत इतर ठिकाणच्या चिकणमातीच्या आणि चुनखडकाच्या थरांनाही चालते.

ऑस्ट्रॅकॉड हे दोन झडपांच्या कॅल्साइटच्या कवचात राहणारे कवचधारी प्राणी. गोड्या पाण्यातले प्रौढ साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर भरतात. प्रौढ होईपर्यंत ते आठ वेळा कात टाकतात आणि दर वेळी झडपांची एक जोडी गाळात पडते. म्हणूनच मूठभर मातीत शेकडो झडपा मिळू शकतात. पण त्यातल्या बऱ्याच पिल्लांच्या असतात, आणि पुढच्या निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

टप्पा १: प्रश्न आधी लिहून काढा

वहीत एका ओळीत लिहा: मला हा थर दुसऱ्या ठिकाणच्या थराशी जुळवायचा आहे, की तो क्रेटेशियसच्या शेवटचा आहे की पॅलिओसीनच्या सुरुवातीचा हे ठरवायचं आहे? पहिल्या प्रश्नाला ऑस्ट्रॅकॉड चांगलं उत्तर देतात. दुसऱ्याला एकट्यानं देत नाहीत.

याचं कारण ठोस आहे. इंग्लंडच्या पर्बेक आणि वील्डन थरांत सायप्रिडिया या वंशाच्या जाती झपाट्यानं बदलत गेल्या, म्हणून तिथे गोड्या पाण्यातल्या ऑस्ट्रॅकॉडवरून थरांचे वयानुसार पट्टे पाडता आले. दख्खनच्या तळ्यांतल्या अनेक जाती स्थानिक आहेत आणि फारशा न बदलता बराच काळ टिकल्या. छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या इंटरट्रॅपियन थरात डेनियनच्या (पॅलिओसीनच्या पहिल्या काळाच्या) सुरुवातीचे तरंगते फोरामिनिफेरा, म्हणजे कवचधारी एकपेशीय सागरी जीव, मिळाले आहेत. त्याच थरातल्या गोड्या पाण्याच्या ऑस्ट्रॅकॉडची यादी मात्र मास्ट्रिक्टियन मानल्या जाणाऱ्या ठिकाणांच्या यादीशी बरीच जुळते. म्हणजे क्रेटेशियस आणि पॅलिओसीनमधली ६६.० दशलक्ष वर्षांपूर्वीची सीमारेषा या प्राण्यांनी ओलांडली होती. तुमच्या यादीत नेमक्या त्याच जाती असतील, तर सीमारेषेची कोणती बाजू हे त्या यादीवरून सांगता येणार नाही.

दुसरा प्रश्न असेल तर आत्ताच ठरवा की खालच्या-वरच्या बेसाल्टचे नमुने, परागकणांसाठी वेगळा नमुना आणि चुंबकीय मापनासाठी दिशा खूण केलेले ठोकळेही लागतील. एकदा खाण भरून टाकली की हे पुन्हा मिळत नाही.

टप्पा २: सेक्शन (थरांचा उभा छेद) मोजणं आणि नमुने घेणं

लागणारं साहित्य: भूवैज्ञानिक हातोडी, सपाट छिन्नी, टेप, जीपीएस, दहा पट भिंग, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, न पुसणारी शाई, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपर बाटली. शेतमालकाची किंवा खाणमालकाची परवानगी आधी घ्या.

१. खालच्या बेसाल्टचा माथा हा शून्य मीटर धरा. तिथून वर मोजत जा. उलटं मोजू नका. वरचा प्रवाह बहुधा झिजलेला असतो आणि संदर्भरेषा हरवते.

२. दर्शनी पृष्ठभाग किमान ३० सेंटिमीटर आत खणा. इंटरट्रॅपियन थर पुष्कळदा दोन-चार मीटरच असतात, म्हणून दर १० ते २० सेंटिमीटरवर एक नमुना घ्या. रंग किंवा पोत बदलला की अंतर न पाहता जास्तीचा नमुना घ्या.

३. प्रत्येक नमुना अर्धा ते एक किलो. अर्धा धुवायचा, अर्धा राखून ठेवायचा.

४. चिठ्ठी पिशवीच्या आतही आणि बाहेरही. आतली चिठ्ठी वेगळ्या लहान पिशवीत, नाहीतर ओल्या चिकणमातीत ती लगदा होते.

५. खालून वर नमुने घ्या, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. प्रत्येक नमुन्यानंतर छिन्नी पुसा.

सावधान: वरच्या प्रवाहाला चिकटलेला गाळ लाव्ह्याच्या उष्णतेनं भाजलेला असतो, लालसर आणि कडक. त्यात झडपा नसल्या तर त्या जाती संपल्या असा अर्थ होत नाही. तो भाग वहीत ‘भाजलेला’ म्हणून वेगळा नोंदवा.

सावधान: खाणीतल्या डबक्यांत, विहिरीच्या काठावर, कालव्यात आजही ऑस्ट्रॅकॉड जगतात. काळ्या मातीच्या भेगांतून त्यांच्या झडपा खाली उतरतात. भेगा, मुळं आणि पाझर असलेली जागा टाळा. डबक्यातल्या मातीचा एक नमुना मुद्दाम घेऊन ठेवा. पुढे शंका आली की तुलनेला तोच कामी येतो.

टप्पा ३: खडक सोडवणं

सगळ्यात जास्त जीवाश्म इथे मरतात. खडक पाहून पद्धत निवडा. एकच पद्धत सगळ्यांना लावू नका.

चिकणमाती आणि मार्ल (चुनामिश्रित चिकणमाती): नमुन्याचे २ सेंटिमीटरचे तुकडे करा (कुटू नका), ५० ते ६० °से.ला पूर्ण वाळवा. १०० ग्रॅम मोजून घ्या आणि वजन लिहा. एक लिटरच्या बीकरमध्ये कोमट पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा टाकून रात्रभर ठेवा. बऱ्याच मार्ल एवढ्यानेच सुटतात. पेरॉक्साइडकडे लगेच धावू नका.

न सुटणारी काळी, सेंद्रिय चिकणमाती: ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक भाग आणि पाण्याचे पाच भाग, म्हणजे सुमारे ५ टक्के द्रावण. तयार पेरॉक्साइड आम्लधर्मी असतं, म्हणून चिमूटभर सोडा टाकून लिटमस निळा होतो का पाहा. फेस थांबला की लगेच धुवा; एक-दोन तासांपेक्षा जास्त नको. बीकर एक तृतीयांशपेक्षा जास्त भरू नका, फेस उतू जातो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

सावधान: नमुन्यात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर पेरॉक्साइड वापरू नका. पायराइट ऑक्सिडाइज होऊन गंधकाम्ल तयार होतं आणि पातळ झडपा काही तासांत विरघळतात. भिंगाखाली पितळी ठिपके दिसले किंवा वाळलेल्या नमुन्यावर पिवळट पांढरी पूड उगवली, तर फक्त सोड्याची पद्धत.

घट्ट शेल: केरोसीन. नमुना अगदी कोरडा हवा, किंचित ओल असली तरी पद्धत फसते. तुकडे बुडतील एवढं केरोसीन ओता आणि झाकून काही तास मुरू द्या. मग केरोसीन गाळून परत बाटलीत भरा आणि तुकड्यांवर गरम पाणी ओता. भेगांत शिरलेल्या केरोसीनची जागा पाणी घेतं आणि खडक थरांथरांनी फुटतो. पाणी दुसऱ्या खोलीत तापवा. जवळ ज्योत किंवा उघडी शेगडी नको.

कडक चुनखडक: झडपा आणि खडक दोन्ही कॅल्साइटचे, म्हणून पातळ आम्ल दोघांनाही खातं. इथे पाणी अजिबात नसलेलं संहत ॲसेटिक आम्ल वापरतात. वाळवलेले तुकडे ६० ते ८० °से.ला त्यात ठेवले की खडक कणांच्या सीमांवर सुटतो आणि झडपा वाचतात. थेंबभर पाणी शिरलं की झडपा विरघळायला लागतात. हे काम फक्त फ्यूम हूडखाली आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली.

चर्ट: मध्य भारतातल्या इंटरट्रॅपियनमध्ये चर्ट, म्हणजे सिलिकाचा कडक खडक, भरपूर आहे. त्यातून झडपा सुट्या होत नाहीत. झिजलेल्या पृष्ठभागावर भिंगाखाली कवचं दिसतात, पातळ छेदात आडवे काप दिसतात. ‘ऑस्ट्रॅकॉड आहेत’ एवढं लिहा, जातीचं नाव देऊ नका. काप कोणत्या कोनातून गेला हे कळत नसताना दिलेलं नाव पुढच्या प्रत्येक तक्त्यात चूक होऊन फिरतं.

टप्पा ४: चाळणं

वरून खाली: १ मिलिमीटर, २५० मायक्रॉन, १२५ मायक्रॉन, ६३ मायक्रॉन. हळू फवारा, बोटांनी रगडणं नको. पाणी स्वच्छ येऊ लागलं की थांबा. प्रत्येक भाग फिल्टर कागदावर ४० ते ५० °से.ला वाळवा. धुण्यासाठी नळाचं पाणी चालतं. डिस्टिल्ड पाणी किंचित आम्लधर्मी असतं, त्यात रेसिड्यू (चाळणीवर उरलेला भाग) रात्रभर ठेवू नका.

तपासा: दोन नमुन्यांच्या मध्ये चाळण्या मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवून खळखळून धुवा. जाळीत अडकलेली जुनी झडप निळी होते. पुढच्या नमुन्यात निळी झडप दिसली की ती आधीच्या नमुन्याची, लगेच बाजूला काढा. सात-आठ नमुने सलग धुणाऱ्यानं ही पायरी सोडली, तर वरच्या थरातली जात खालच्या थरात ‘पहिल्यांदा सापडते’ आणि अख्खा रेंज चार्ट (कोणती जात किती उंचीपासून किती उंचीपर्यंत मिळते याचा तक्ता) बिघडतो.

सावधान: १२५ च्या खालचा भाग फेकू नका. पिल्लांच्या झडपा आणि काही लहान जाती तिथेच असतात, आणि सहाव्या टप्प्यात त्यांची गरज पडते.

टप्पा ५: वेचणी

काळी, चौकोन आखलेली ट्रे, स्टिरिओ मायक्रोस्कोप २० ते ४० पट, ०० किंवा ००० क्रमांकाचा ब्रश. ट्रेवर रेसिड्यू एक कण जाडीचाच पसरा. ब्रशचं टोक नुसतं दमट ठेवा. थेंब लटकत असेल तर झडप ब्रशच्या केसांत शिरते आणि पुढच्या स्लाइडवर उतरते. स्लाइडवर ट्रॅगाकँथ गोंदाचा पातळ थर पुरतो. पाण्याचा स्पर्श दिला की झडप सुटते आणि उलटीसुलटी करून पाहता येते. फेविकॉल वापरू नका.

प्रत्येक नमुन्यातून ३०० झडपा हे चांगलं लक्ष्य आहे. रेसिड्यू जास्त असेल तर स्प्लिटरनं (समान भाग पाडणाऱ्या साधनानं) निम्मा, पाव करा आणि किती भाग वेचला ते लिहा. डोळ्याला भरेल तेवढ्या सुंदर झडपा वेचणं ही सर्रास होणारी चूक. मोडक्या आणि लहान झडपाही घ्यायच्या. बंद कवच म्हणजे दोन झडपा, हा हिशोब सुरुवातीपासून एकसारखा ठेवा.

त्याच ट्रेत कॅरोफाइट या शैवालाची गोल अंडबीजुकं, माशांचे दात, अंड्यांच्या कवचाचे तुकडे दिसतील. तेही वेगळ्या स्लाइडवर काढा. शेवटी वय बहुधा त्यांच्या मदतीनंच पक्कं होतं.

टप्पा ६: ओळख, आणि गाळ जागचा आहे का याची परीक्षा

आधी कुळ, मग वंश, मग जात. उलट केलं की डोळा चित्रातलं नाव शोधतो आणि झडप बघतच नाही.

झडप आतल्या बाजूनं पाहा आणि स्नायूखुणा (झडपा मिटणारे स्नायू जिथे चिकटलेले असतात तिथल्या खुणा) शोधा. खुणांचं वर्तुळाकार फूल म्हणजे डार्विन्युलिड. अनेक खुणांचा सैल पुंजका म्हणजे सायप्रिडिड. उभ्या रांगेत चार खुणा म्हणजे सायथेरॉइड. बंद कवच असेल तर ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून खालून प्रकाश द्या. कवच कॅल्साइटनं भरलं असेल तर खुणा दिसणार नाहीत. तेव्हा कुळापाशी थांबा.

पुढची आणि मागची बाजू ठरवताना घोटाळा होतो. स्नायूखुणा सहसा मध्यापासून किंचित पुढे असतात, त्यावरून ठरवा. केवळ रुंद टोक म्हणजे पुढचं असं समजू नका. डार्विन्युलिडमध्ये मागचं टोक रुंद असतं.

मग नक्षी. झोनोसायप्रिस स्पायरुलाच्या झडपेवर अंगठ्याच्या ठशासारख्या गोल फिरत जाणाऱ्या कडा असतात, ती लगेच ओळखू येते. फ्रॅम्बोसायथेरवर लहान-मोठे फुगवटे असतात. लिम्नोसायथेरच्या पाठीकडच्या कडेपासून खाली उतरणारी खाच पाहा. गुळगुळीत, लांबट सायप्रिडिड मात्र सगळे एकसारखे दिसतात. बिजागरी आणि कडेचा आतला पट्टा दिसत नसेल तर त्यांना जात देऊ नका, आणि त्यांच्यावर वय तर मुळीच टांगू नका.

पिल्लू आणि प्रौढ वेगळे करण्यासाठी प्रत्येक झडपेची लांबी-उंची मोजून आलेख काढा. ठिपक्यांचे वेगळे पुंजके पडतात. प्रत्येक पुंजका म्हणजे कात टाकण्याची एक अवस्था. पिल्लाच्या झडपेत कडेचा पट्टा अरुंद आणि बिजागरी अपुरी असते. हा आलेख काढला नाही तर एकाच जातीची प्रौढ आणि शेवटच्या आधीची अवस्था दोन जाती म्हणून यादीत येतात. नर आणि मादी यांच्या आकारातला फरकही असाच फसवतो.

जुन्या नावांची काळजी घ्या. १९ व्या शतकातल्या लेखनात जवळपास प्रत्येक गोड्या पाण्याच्या ऑस्ट्रॅकॉडला ‘सायप्रिस’ म्हटलेलं आहे. सॉवर्बीनं १८४० मध्ये दख्खनच्या जीवाश्मांना दिलेलं सायप्रिस सबग्लोबोसा हे नाव आज आशियातल्या तळ्यांत जगणाऱ्या एका जातीलाही वापरलं जातं. जुन्या यादीतलं नाव जसंच्या तसं आपल्या तक्त्यात उतरवलं, तर त्या जातीचा कालावधी क्रेटेशियसपासून आजपर्यंत ताणला जातो.

परीक्षा: झडपा जागच्या आहेत का, हे वरच्या आलेखातून लगेच कळतं. एका जातीचे प्रौढ आणि तीन-चार अवस्थांची पिल्लं एकत्र असतील, तर ती तिथेच जगली आणि मेली. फक्त प्रौढ असतील तर प्रवाहानं लहान झडपा वाहून नेल्या. फक्त लहान असतील तर त्या कुठूनतरी वाहत आल्या. बंद कवचं बरीच असतील तर पुरणं लवकर झालं. वेगळ्या रंगाच्या, झिजलेल्या, वेगळ्या खनिजानं भरलेल्या झडपा जुन्या थरातून आलेल्या असू शकतात. पारदर्शक, काचेसारख्या, आत सुकलेलं मऊ शरीर असलेल्या झडपा आजच्या डबक्यातल्या. या दोन्ही गटांना चार्टमधून वगळा, पण नोंदवहीत ठेवा.

टप्पा ७: रेंज चार्ट आणि वय

डावीकडे उंची मीटरमध्ये, वर जातींची नावं. जिथे जात मिळाली तिथे भरीव ठिपका, जिथे नमुना धुतला पण मिळाली नाही तिथे पोकळ ठिपका, जिथे नमुनाच घेतला नाही तिथे काहीच नाही. या तिन्हींतला फरक न दाखवणारा चार्ट वाचता येत नाही.

समजा एक जात १.२ मीटरवर आहे आणि १.४ मीटरवर नाही. तिचा शेवट ‘१.२ मीटर’ नव्हे, ‘१.२ ते १.४ मीटरच्या दरम्यान’. त्यातही १.४ च्या नमुन्यात एकूण झडपा २० च असतील, तर न सापडणं हा पुरावा नाही. दुर्मीळ जातीची सापडलेली शेवटची झडप जवळपास नेहमीच तिच्या खऱ्या शेवटाच्या आधीची असते.

पुढे विचारा: जात गेली की पाणी बदललं? गोड्या पाण्याच्या जाती संपून निओसायप्रायडिससारखे मचूळ पाण्याचे प्रकार आले, तर तळ्यात खारं पाणी शिरलं. हा वयाचा टप्पा नाही. तसा बदल दिसला की उलट आनंदानं तिथले नमुने पुन्हा तपासा. झिलमिलीत मचूळ पाण्याच्या ऑस्ट्रॅकॉडबरोबरच सागरी फोरामिनिफेरा मिळाले, आणि तिथलं वय त्यांनीच ठरवलं.

आता वय, या क्रमानं:

१. खालच्या आणि वरच्या बेसाल्टचं आरगॉन-आरगॉन (किरणोत्सर्गी पद्धतीनं काढलेलं) वय मिळालं तर तेच तुमचं कुंपण. न झिजलेला, पोकळ्यांत झिओलाइट नसलेला बेसाल्ट द्या.

२. चुंबकीय दिशा. दख्खनचा बराचसा लाव्हा २९आर या, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आजच्या उलट असतानाच्या काळातला आहे आणि क्रेटेशियस-पॅलिओसीन सीमा त्याच्या आतच येते. म्हणून ‘उलट ध्रुवता’ एवढ्यावरून सीमेची बाजू ठरत नाही.

३. सोबतचे जीवाश्म. ॲक्विलापोलेनाइट्स परागकण मास्ट्रिक्टियनकडे बोट दाखवतात. डायनासोरच्या अंड्यांची कवचं क्रेटेशियसची, पण तुकडे झिजलेले असतील तर ते लाव्ह्याखालच्या जुन्या लॅमेटा थरांतून आलेले नाहीत ना, हे पाहा.

४. ऑस्ट्रॅकॉड शेवटी. संपूर्ण समूह दुसऱ्या ठिकाणांशी जुळवा, एका जातीवर नाही. निदान तीन-चार नीट ओळखलेल्या जाती आणि त्यांचा वरखाली क्रम जुळला, तरच दोन थर समकालीन असल्याचं सुचवा.

आधीचे तीन पुरावे हाती नसतील तर ‘मास्ट्रिक्टियन ते डेनियन’ असंच लिहा. मार्गदर्शक दबाव आणतील, तरी हेच लिहा.

टप्पा ८: नोंद आणि जपणूक

निष्कर्षाच्या परिच्छेदात प्रत्येक नमुन्याचं कोरडं वजन, वेचलेला भाग, झडपांची संख्या, कोणती पद्धत वापरली आणि वगळलेल्या झडपा किती, हे द्या. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी झडपेवर सोनं चढवण्याआधी साध्या प्रकाशातले फोटो काढून घ्या; लेपानंतर स्नायूखुणा पारदर्शक प्रकाशात पुन्हा दिसत नाहीत. चित्रात दाखवलेल्या प्रत्येक झडपेला क्रमांक द्या आणि त्या स्लाइड विभागाच्या संग्रहालयात जमा करा. राखून ठेवलेल्या अर्ध्या नमुन्यांच्या पिशव्यांवर उंची आणि तारीख पुन्हा नव्या शाईनं लिहा, कारण दोन पावसाळ्यांत जुनी शाई फिकट होते.